दार लोटून घे

१

मॅनेजरला माणसांत वागायची रीत कुणी शिकवलीच नव्हती, असं ताईंचं ठाम मत होतं, आणि ताईंची मतं सहसा ठामच असत. घंटा वाजवणं त्याला कमीपणाचं वाटे. त्यांच्या धाकट्या भावानं, बाळनं, कधीकाळी दिलेल्या किल्लीनं दार उघडून तो सरळ आत शिरे. बूट काढी ते वाटेच्या मधोमध, येणाऱ्याजाणाऱ्यानं तोंडावर आपटावं असे. चहाचा कप जमिनीवर ठेवी. बाळच्या खुर्चीत बसून बाळलाच उभं ठेवी. आणि निघताना मान न वळवता, पाठमोराच म्हणे, "जातो."

"जातो काय, मेल्या? येतो म्हणावं!" ताई स्वयंपाकघरातून ओरडत.

"शब्दानं काय होतं, ताई?" तो हसे, आणि दार सताड उघडं टाकून चालू लागे.

त्याला काय कळणार? ताईंच्या वडिलांनी एका सकाळी उंबऱ्यात 'जातो' म्हटलं, ते कायमचं. आई आधीच गेलेली. ताईंचं स्वतःचं खेळायचं वय, आणि कडेवर धाकटा भाऊ. तेव्हापासून त्या घरात तो शब्द बंद. बाळनं त्यापायी लहानपणी मार खाल्ला होता. पुढे लग्न झाल्यावर नवऱ्यालाही ताईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

तो बाळ आता सत्तरीला टेकला होता. जगाला तो 'ढग' म्हणून ठाऊक. रॉक गाणारा, गडगडाटी आवाजाचा, खांद्यापर्यंत पांढरे केस आणि भर उन्हाळ्यातही अंगात चामड्याचं जाकीट. तीसेक वर्षांपूर्वी त्यानं दुसऱ्यांची जुनी गाणी आपल्या ढंगात गाऊन 'उसनी गाणी' नावाची तबकडी काढली होती. ती घरोघर वाजली. आता कंपनी ती पुन्हा काढत होती, सोबत एक जादा तबकडी जोडून. तिच्यात न छापलेली गाणी, तालमी, मधल्या गप्पा, हसणं, खोकणं. "खोकलासुद्धा विकायला ठेवणार का रे?" ताईंनी बाळला विचारलं होतं.

पण तीस वर्षांपूर्वी ती मूळ तबकडी तयार होत असतानाच ताईंचा नवरा, ढगाचा ड्रमवाला, स्टुडिओच्या मागच्या लोखंडी जिन्यावरून पडून मेला होता. 'प्यायला होता,' असं मॅनेजरनं सांगितलं. ज्यानं ताईंच्या डोक्यावर हात ठेवून दारू सोडली, तो प्यायला होता! ताई रडल्या कमी, संतापल्या जास्त. ड्रमची पेटी घरी आली ती त्यांनी उघडलीसुद्धा नाही. माळ्यावर ढकलून दिली.

काल ती उघडली. कंपनीनं जुन्या टेपा साफ करणारी एक मुलगी पाठवली होती. पेटीत काठ्यांच्या खाली तिला एक रीळ सापडलं. वरच्या खोलीत बाळचं जुनं मशीन होतं. त्यावर लावून दोघींनी ते ऐकलं, आणि ऐकून दोघींची तोंडं पांढरी पडली.

आज दुपारी ताई वाळलेले कपडे घेऊन गच्चीवरून उतरत होत्या, तेव्हा कानांवर आवाज आला.

फट्. फट्. फट्.

ताई जिन्यात थबकल्या. घर शांत होतं. नको इतकं शांत. बाळ दुपारी झोपला की त्याच्या नाकातून बारीक शीळ वाजे. लहानपणी पडून नाक फुटलं होतं, तेव्हापासूनची ती शीळ. ती ऐकू आली की ताईंना कळे, पोरगं घरात आहे, धड आहे. आता ती वाजत नव्हती.

फट्. फट्.

वरच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. मशीन चालू होतं. त्यावर रिकामं चाक गरगर फिरत होतं आणि चाकात अडकून राहिलेला टेपचा वीतभर तुकडा प्रत्येक फेरीला आपटत होता. रीळ कुणीतरी ओढून, तोडून नेलं होतं. नुकतंच.

ताईंनी मशीन बंद केलं. मग त्यांना दिसलं. मशीनच्या शेजारी बाळचा चष्मा पडला होता.

२

खाली बाळचं अंथरूण रिकामं होतं. चपला जागेवर नव्हत्या.

ताईंनी फोन केला तशी आवाजवाली मुलगी रिक्षा करून धावत आली. "आजी, पोलिसांना सांगू या?"

"आजी कुणाची गं? माझे केस पिकलेत, मी नाही. काकू म्हण. आणि आधी दार लाव."

मुलीनं दार लावलं. ताईंनी चष्मा पदराखाली झाकून धरला होता. तो मुलीला दाखवायला मन धजत नव्हतं.

काल रिळावर आधी गाणं वाजलं होतं. 'उसनी गाणी'तलं सगळ्यांत गाजलेलं, कुणा जुन्या गायकाचं, घर सोडून निघालेल्या माणसाचं. त्याची शेवटची ओळ जगाला पाठ होती: 'जातो मी, दार लोटून घे.' त्या एका शब्दापायी ताईंनी ते गाणं घरात कधी वाजू दिलं नव्हतं. पण या रिळावर, काठ्यांच्या हलक्या ठेक्यावर, तरुण बाळ वेगळंच गात होता. 'येतो मी, दार लोटून घे.' पोरानं माझा शब्द राखला होता तर! ताईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं होतं. त्यावर ह्यांचं हसू. पोटातून आलेलं, भरदार, इतक्या वर्षांनी जसंच्या तसं.

मग लांबून एक कोरडा आवाज: "जातो."

मग नुसती खरखर. त्या खरखरीत कुठेतरी बोलणं चालू, शब्द न कळणारं. बराच वेळ. मग लोखंडी दार करकरलं. आणि काहीतरी जड पायऱ्यांवरून आदळत, आपटत खाली गेलं, आणि सगळं थांबलं.

"काकू," मुलगी हळूच म्हणाली, "जातो म्हणाले ते तुमचे…"

"नाहीतर कोण? पण हे जन्मात तसं म्हणायचे नाहीत. म्हणजे किती चिडले असतील! आणि खोलीत दुसरं कोण होतं?" ताईंनी स्वतःलाच विचारलं. उत्तर त्यांच्या पदराखाली होतं. ज्याला कडेवर वाढवलं, ज्याच्या घरात म्हातारपण काढतोय, त्यानंच आपलं कपाळ पांढरं केलं असेल तर? जेवताना समोर बसायचं तरी कसं?

"कुणाला बोललीस का यातलं?"

"ऐकलेलं कुणालाच नाही. रीळ मिळालं तेव्हा लगेच मॅनेजरांना फोन केला होता, मिळालं म्हणून, एवढंच. ते सगळ्यांना सांगतो म्हणाले."

"म्हणजे गावभर झालं. आणि आता रीळही गेलं."

मुलीनं मोबाईल पुढे केला. "रीळ गेलंय. आवाज नाही गेला. पहिल्यांदा ऐकताना मी हा चालू ठेवते, सवयच आहे. घरी जाऊन साफ केला तर अजून पुष्कळ ऐकू येईल."

ताईंनी तिच्याकडे पाहिलं. "हे कुणाला ठाऊक आहे?"

"तुम्हाला."

"बास. तुझ्या सावलीलासुद्धा सांगू नकोस. आपण दोघींनी ते ऐकलंय, हेही नाही."

तेवढ्यात दाराच्या कुलपात किल्ली फिरली. घंटा न वाजवता कुणीतरी घरात आलं होतं.

३

मॅनेजर बाळच्या खुर्चीत बसला. रीळ चोरीला गेल्याचं ऐकून त्यानं भुवया उंचावल्या, पण उठून उभा राहिला नाही.

"गेलं तर गेलं, ताई. बरंच झालं म्हणा. दुसऱ्याचं गाणं गाताना काना-मात्रेचा फरक करायचा नाही, हे मी ढगाला पहिल्यापासून सांगत आलोय. आणि तिथे शेवटच्या ओळीचा शब्दच फिरवलेला. असलं छापलं असतं तर हसं झालं असतं आपलं." त्यानं चहाचा घोट घेतला. "तुम्ही ऐकलंत का ते?"

"मी? मला कुकरची शिट्टी ऐकू येत नाही आता. गाणं कुठलं ऐकतेय?"

मॅनेजरचे खांदे जरा सैल झाले. ताईंना ते दिसलं. कान जरी गेले असते तरी डोळे शाबूत होते.

"काय रे, त्या संध्याकाळी तू होतास कुठे?"

"किती वेळा विचाराल? काम आटोपलं, मी आणि पियानोवाला बरोबरच खाली उतरलो. मी थेट घरी. सकाळी बातमी कळली." तो उठला, कप जमिनीवर ठेवला, आणि एकदम आवाज खाली आणून म्हणाला, "ताई, एक सांगू? ते रीळ सापडू नये असंच म्हणा. तुमच्या बाळच्या भल्यासाठी सांगतोय. जातो."

दार उघडं राहिलं. आतला पडदा वाऱ्यानं फुगला तरी ताई जागच्या हलल्या नाहीत. बाळच्या भल्यासाठी! म्हणजे याला माहीत आहे. आणि याला माहीत आहे म्हणजे ते खरं आहे.

पियानोवाला दोन गल्ल्या सोडून राहायचा. बोटं मोडण्याची खोड असलेला, गरीब स्वभावाचा माणूस. ताई दारात उभ्या राहिल्या तसा तो बावरला.

"तुम्ही? इथे? बसा, बसा. ही खुर्ची मोडकी आहे, तिकडे बसा."

"बसायला नाही आले. ते रीळ माझ्याकडे पाठवलेल्या पेटीत कुणी घातलं?"

त्याच्या बोटांनी कडकड आवाज केला. "मी. सकाळी स्टुडिओत गेलो तर मशीनवर तसंच होतं. मशीन चालवणारा माणूस लवकर घरी गेला होता, त्यामुळे भाऊंनीच, म्हणजे तुमच्या यजमानांनीच, ते चालू केलेलं असणार. मला वाटलं, त्यांचं शेवटचं वाजवणं आहे, तुमच्याकडे असावं."

"तोंडानं सांगायला काय झालं होतं?"

"तुम्ही त्या वेळी कुणाशी बोलत होता, ताई?"

हे खरं होतं. ताईंनी विषय बदलला. "प्यायले होते का रे हे?"

"भाऊ?" तो चकितच झाला. "छे हो! उलट बाळ पीत होता म्हणून ते चिडले होते. म्हणत होते, पुरे झाली ही उसनी गाणी, उद्यापासून याला मी घेऊन जाणार, हा स्वतःचं गाईल. मॅनेजरच्या तोंडावर म्हणाले. मग आम्ही दोघं खाली उतरलो. मी बस पकडली. तो गाडीकडे गेला."

"गाडी निघालेली पाहिलीस?"

बोटं थांबली. "पाहिली… नाही. का हो?"

"काही नाही. बाळ कुठे असेल रे? दुपारपासून घरी नाही."

पियानोवाल्यानं खाली पाहिलं. "मला वाटलं तुम्हाला ठाऊक असेल. तो सारखा त्या बंद स्टुडिओवर जाऊन बसतो. मागच्या जिन्यावर. वर्षानुवर्षं."

४

स्टुडिओची इमारत आता मोडक्या खुर्च्या आणि रंगाचे डबे ठेवायला वापरत. मुलगी बरोबर आली होती. ताईंनी तिला पुढच्या फाटकापाशी उभं केलं. "मी हाक मारली तरच ये. आणि हाक नाही आली तर नक्की ये."

ऊन कलायला लागलं होतं. मागच्या बाजूला दोन भिंतींच्या मधून तो जिना वर गेला होता, काळा, गंजलेला. ताई आयुष्यात पहिल्यांदा त्यावर पाय ठेवत होत्या. प्रत्येक पायरीला लोखंड कण्हत होतं. कठड्याला हात लावला की गंजाचे पोपडे तळव्याला चिकटत. मध्ये एकदा त्यांनी खाली बघितलं. फरशी दिसली. एवढ्या उंचीवरून.

वरचं लोखंडी दार अर्धवट उघडं होतं. ताई सज्जावर पोचल्या. तेवढ्यात दार आतून करकरलं. रिळावर करकरलं होतं, अगदी तसंच.

"ताई, खाली बघू नकोस."

दारात बाळ उभा होता. चष्म्याविना डोळे बारीक केलेले, पांढरे केस तोंडावर आलेले. तो एक पाऊल पुढे आला. सज्जा हलला. ताईंची पाठ कठड्याला टेकली. ज्या हातांना धरून चालायला शिकवलं त्याच हातांकडे त्या बघत होत्या.

"तू कशाला आलीस इथे?"

"तुझा चष्मा द्यायला," ताई म्हणाल्या. आवाज त्यांना स्वतःचा वाटला नाही. "रीळ तू घेतलंस?"

"मी वर गेलो तेव्हा ते गेलेलं होतं. मशीन नुसतं फिरत होतं. ताई, मला वाटलं, भाऊजीच आले. मी पळालो." त्याच्या गडगडाटी आवाजाचं पार पाणी झालं होतं. "ते रीळ बाहेर आलं की सगळ्यांना कळेल. तुलाही. त्यापेक्षा मीच सांगतो."

"काय सांगतोस?"

बाळ सज्जावर खाली बसला, शाळेतून मार खाऊन आलेल्या पोरासारखा.

"भाऊजींना मी ढकललं."

५

ताईंनी कठडा सोडला नाही. "ढकललंस. बरं. कसं?"

"आठवत नाही."

"हात कुठे लावलास? काय बोललास?"

"ताई, मला गाणं संपल्याचंही आठवत नाही. इतका प्यायलो होतो. सकाळी जाग आली तर मॅनेजर उशाशी बसलेला. म्हणाला, मी विसरलेली किल्ली न्यायला परत आलो आणि या डोळ्यांनी पाहिलं. तुम्ही दोघं सज्जावर भांडत होता, तू ढकललंस. म्हणाला, ताईंना मी सांगतो की भाऊ प्यायले होते. तू फक्त माझं ऐकायचं."

"आणि तू ऐकलंस."

"ऐकलं. तेव्हापासून स्वतःचं एक गाणं केलं नाही मी. तो देईल तेच गातो. अजूनही स्टेजवरून उतरलो की तो दारात उभा असतो. अमका शब्द असा नाही, तसा. एवढंच बोलतो. एकच शब्द, मास्तरासारखा."

दातात अडकलेला दोरा एकदम सुटावा तसं ताईंना कालपासून टोचणारं काहीतरी सुटलं.

"ऊठ," त्या म्हणाल्या. "चष्मा घाल. आणि माझा हात धर, या जिन्यावर माझा भरवसा नाही."

मुलीच्या खोलीत यंत्रांची नुसती गर्दी होती, बसायला जागा म्हणून नाही. तिनं ताईंच्या कानांवर हेडफोन चढवले. "खरखर काढलीय. पण माईक ज्याच्या तोंडाजवळ होता त्याचा श्वास फार मोठा येतोय. तो काढू?"

"कशालाही हात लावू नकोस."

गाणं संपलं. हसू आलं. काठ्यांचा ठेका अजून चालूच होता, एकेक टिचकी जिथल्या तिथे. ही प्यायलेल्या माणसाची बोटं नव्हती. 'जातो' आलं. मग लांबचं बोलणं. दोन पुरुष. आणि जवळ, अगदी कानात, जड श्वास. ताईंनी डोळे मिटले.

श्वासाला शीळ होती.

बारीक, कापरी, फुटक्या नाकातून येणारी. ही शीळ ताईंनी आयुष्यभर भिंतीपलीकडून ऐकली होती. जवळ पावलं आली. काहीतरी पांघरल्याची सळसळ झाली, आणि ह्यांचा आवाज, हलका, मायेचा: "झोप तू. आलोच."

पावलं लांब गेली. दार करकरलं. शीळ वाजतच होती. ते आदळणं सुरू झालं, तेव्हाही वाजत होती. थांबलं, तेव्हाही.

ताईंनी हेडफोन काढून बाळच्या डोक्यावर बसवले. "ऐक. कोण झोपलंय, सांग."

बाळनं ऐकलं. मग त्या एवढ्या मोठ्या ढगानं बहिणीच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि तो हमसून हमसून रडला. मुलगी उगाचच तारा गुंडाळत राहिली.

"मग कोण होतं, ताई?" खूप वेळानं त्यानं विचारलं.

"सकाळी सांगते. मॅनेजरला आणि पियानोवाल्याला निरोप दे. म्हणावं, ताईंनी चहाला बोलावलंय." त्यांनी नाक पुसलं. "आणि आपल्या दाराची कडी आतून लाव. आज मला झोप लागायची नाही, पण त्याची किल्ली तरी चालू नये."

६

सकाळी मॅनेजरला घंटा वाजवावी लागली. ताईंना त्यातही बरं वाटलं.

बाळ आपल्या खुर्चीत बसला होता. मॅनेजर जरा घुटमळला आणि कोचावर बसला. पियानोवाला दाराशी बोटं मोडत उभा होता. मुलीनं काही न बोलता मोबाईल टेबलावर ठेवला आणि बोट टेकवलं.

'येतो मी, दार लोटून घे.' हसू. "जातो."

मुलीनं तिथेच थांबवलं. मॅनेजरचा चेहरा राखेसारखा झाला होता, पण तो लवकर सावरला.

"हे आहे तर तुमच्याकडे. मग ऐकलंतच, ताई. भाऊ चिडून 'जातो' म्हणाले, निघाले, आणि हा त्यांच्या मागून गेला. मी हेच झाकत होतो इतकी वर्षं."

"हे निघाले असते तर 'येतो' म्हणाले असते," ताई म्हणाल्या. "मलाही आधी तो निरोपच वाटला. आपल्याकडे माणूस जाताना बोलतो तो शब्द. पण तो निरोप नव्हता रे. ती दुरुस्ती होती. बाळनं 'येतो' गायलं, आणि कुणीतरी त्याची चूक काढली. 'येतो' नाही, 'जातो'! एकच शब्द, मास्तरासारखा. दुसऱ्याच्या गाण्यात काना-मात्रा हललेली कुणाला खपत नाही, हे काल मला कोण सांगत होतं?"

मॅनेजर हसला, पण हसू एका बाजूला कलंडलं. "एका शब्दावरून आवाज ओळखता?"

"आवाज नाही ओळखला. तुझी जीभ ओळखली. काल याच खोलीत तू म्हणालास, शेवटच्या ओळीचा शब्द फिरवलेला. कुणी सांगितलं तुला? छापलेल्या गाण्यात तो फिरवलेला नाही. बाळला आठवत नाही. ही पोर बोललेली नाही. मी तर बहिरी. पियानोवाला तेव्हा बसमध्ये होता. म्हणजे एक तर त्या संध्याकाळी गाणं चालू असताना तू तिथे होतास, नाहीतर काल किल्लीनं माझ्या घरात शिरून तू ते रीळ ऐकलंस आणि नेलंस, दार नेहमीसारखं उघडं टाकून. कुठलं कबूल करतोस? मला कुठलंही चालेल."

पियानोवाल्यानं कडकड बोटं मोडली.

"परत आलो होतो मी," मॅनेजर सावकाश म्हणाला. "बरं. होतो तिथे. म्हणूनच तर पाहिलं. ढगानं ढकललं. पोलिसांत जायचंय? चला. आत तुमचा भाऊ जाईल, मी नाही."

ताईंच्या छातीत क्षणभर तीच जुनी भीती हलली. त्यांनी मुलीला मानेनं खूण केली.

शीळ वाजू लागली. खोलीभर. 'झोप तू. आलोच.' पावलं. दार. आणि त्या आदळण्याच्या वर, पहिल्यापासून शेवटपर्यंत, झोपलेल्या माणसाचा श्वास.

"हा झोपलाय," ताई म्हणाल्या. "सज्जावर दोनच माणसं होती. त्यातला एक माझा."

मॅनेजर मोबाईलकडे असा बघत होता, जणू त्यातूनच कुणीतरी बाहेर येईल. "माझा हात धरून ठेवला होता त्यांनी," तो पुटपुटला. "ढगाला नेतो म्हणाले. आजच नेतो. मी नुसता हात झटकला. नुसता झटकला, ताई. खाली आवाज होत राहिला… तो आवाज…"

"आणि तू आत येऊन माझ्या बाळच्या उशाशी बसलास."

बाळ खुर्चीतून उठला होता. त्याच्या मुठी वळलेल्या पाहून पियानोवाला मध्ये आला. ताईंनी नुसता हात वर केला, आणि सत्तरीचा ढग मुकाट्यानं खाली बसला.

"पोलीस बाहेर गाडीत थांबलेत," ताई म्हणाल्या. "आधी मला बोलू द्या, असं मी त्यांना सांगितलंय. इन्स्पेक्टर कुरकुरले. म्हटलं, इतकी वर्षं थांबला असाल तर चहा होईपर्यंत थांबा."

मॅनेजर उठला. एकाएकी म्हातारा दिसायला लागला. बुटात पाय घालताना दोनदा चुकला. उंबऱ्यापाशी सवयीनं त्याचे ओठ हलले, आणि कधी नव्हे तो त्यानं मान वळवली. ताई त्याच्यामागे दारापर्यंत आल्या होत्या. काल त्यांच्या मनात भीती होती, आता ती त्याच्या डोळ्यांत होती.

"का थांबलास? म्हण की," ताई म्हणाल्या. "शब्दानं काय होतं, असं विचारायचास ना मला? हे होतं. माझा माणूस 'आलोच' म्हणून गेला, आणि मी जन्मभर त्यालाच खोटा ठरवलं, तुझ्या शब्दावर. माझ्या भावाच्या तोंडी तू त्याचा स्वतःचा शब्द उरू दिला नाहीस. आता तुझा शब्द तू घेऊन जा. म्हण, 'जातो'. इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा बरोबर बोलशील. आणि आज दार उघडं राहायचं नाही. दार मी लोटून घेते."